दहावीचा निरोप समारंभ: फिशपाँड बंद झाले, आता ‘२०३९’ कसं लिहून घ्यायचं?

शेवटचा तास

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोतल्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवते. पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासून हात मोकळा होतो न होतो तोच निरोप समारंभ अंगावर येतो. नववीने खुर्च्या मांडायच्या आणि दहावीने त्यांवर पहिल्यांदाच पाहुण्यांसारखं बसायचं, अशी आमच्याकडची रीत. भाषणं होतात, दोन मुली रडतात, त्यांना बघून आणखी दहा जणी रडतात, मग समोसा-वेफर्स. पण पोरं खरी वाट बघत असतात ती फिशपाँडची.

ते यंदा बंद. मोठ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, निनावी चिठ्ठ्यांचा डबा शाळेत दिसता कामा नये. कारण उगाळत बसत नाही. कुठल्याही शाळेतल्या त्या डब्यातून काय निघतं ते आपल्याला ठाऊक आहे: रंग, जाडी, दात, आणि कोण कोणाकडे बघतं. मला त्यांचं म्हणणं पटलं. पोरांना अर्थातच नाही.

मग पोरांनीच तोड काढली. २०२७ मध्ये सिंहस्थ, त्यापुढचा थेट २०३९ मध्ये. २०१५ च्या सिंहस्थात ही पोरं पाच वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून रामकुंडावरची गर्दी बघितलेली काही जणांना अंधूक आठवतेही. २०३९ मध्ये ती एकोणतिशीची असतील. म्हणून कार्यक्रमाचं नाव ‘२०३९: आपली बॅच गंगेवर भेटते’. गंगा म्हणजे आमची गोदावरी. तोवर कोण काय झालेलं असेल ते प्रत्येकाने एका मित्राबद्दल लिहायचं, खाली स्वतःची सही करायची. निनावी काही नाही. मोठ्या मॅडम ‘बघू’ म्हणाल्या, म्हणजे आमच्याकडे निम्मा होकार.

चिठ्ठ्या आल्या. स्टाफरूममध्ये चहा घेत वाचायला बसले आणि चहा गार झाला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत विनोद एकच. हा रिक्षा चालवेल. हा पाणीपुरीची गाडी लावेल. हा सोसायटीच्या गेटवर वॉचमन असेल आणि मी गाडीतून आलो की सलाम ठोकेल. ही चार घरची धुणीभांडी करेल.

आता माझी अडचण समजून घ्या. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला, त्यातले बरेचसे कंत्राटी. काही रिक्षावाले. कोणी संध्याकाळी त्रिमूर्ती चौकाकडे गाडी लावतो, कोणी एटीएमवर रात्रपाळी करतो. बऱ्याच आया सकाळी दुसऱ्यांच्या घरचा ओटा आवरून मग आपल्या पोराचा डबा भरतात. म्हणजे पोरं ज्याला हसण्यावारी न्यायचं भविष्य समजतात, ते तिसऱ्या बाकावरच्याच्या घरात आज चालू आहे. आणि खरी गोम पुढेच. रिक्षाचा विनोद ज्याने लिहिलाय त्याचे वडील स्वतः रिक्षा चालवतात! त्याला काहीही खटकलेलं नाही. विनोद असाच करायचा असतो हे त्याने पाहून पाहून शिकून घेतलंय. कुठे पाहिलं, ते टीव्ही लावलात की कळेल.

दुसऱ्या टोकाला यूट्यूबर, आयपीएल आणि कलेक्टर. त्यात ना राग येण्यासारखं काही, ना हसू.

एक चिठ्ठी मात्र वेगळी निघाली. एका मुलाने मित्राऐवजी स्वतःबद्दलच लिहिलंय: ‘२०३९. अंबडला कंपनीत परमनंट.’ बास, एवढंच. माझ्याकडे यायच्या आधी ती शेजारच्याने वाचली आणि मोठ्याने हसला, मग वर्ग हसला. तोही हसला, पण जरा उशिरा.

तर विचारायचं हे की, कोणाच्या पोटापाण्यावर न घसरता खरोखर हसवणारं भविष्य पोरांकडून कसं लिहून घ्यावं? ‘तुझ्या पंखांना बळ मिळो’ छापाच्या शुभेच्छा मला नकोत, त्या भाषणांत होतातच. आणि ती परमनंटची चिठ्ठी वाचावी की बाजूला ठेवावी? तुमच्या शाळेत काय व्हायचं तेही सांगा.

फ्लेक्सवाला काका

मॅडम, माझं पवननगरच्या बाजूला फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे. बारावी नापास आहे, पण ‘भावी’ या एका शब्दावर माझं घर चालतं. त्यामुळे भविष्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

फ्लेक्सवर आम्ही कधी कोणाला खाली दाखवत नाही. गल्लीतला नळ दुरुस्त झाला तरी ‘कार्यसम्राट’. गणपतीची पावती फाडली तरी ‘युवा हृदयसम्राट’. लोक वाचतात आणि हसतात, आणि ज्याचा फोटो आहे तोही खूश. हेच करायला सांगा. मित्राची एक बारीकशी खोड घ्यायची, फक्त वर्गालाच माहीत असलेली, आणि तिला मोठ्यातलं मोठं पद द्यायचं. माणूस वर चढतो, खोड मात्र जिथल्या तिथे राहते. हसू त्यातून येतं.

आता वडापावचे पाच रुपये ‘उद्या देतो’ म्हणत अख्खी दहावी काढणारा एक जण प्रत्येक वर्गात असतोच. त्याला नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये मोठा साहेब करा. २०३९ मध्ये दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोरून कोऱ्या नोटांच्या राशी जातात, आणि सुटल्यावर गेटबाहेर तो मित्राला म्हणतो, ‘भो, पाच रुपये दे ना, उद्या देतो.’

वहीची मागची पानं फाडून विमानं उडवणारा घ्या. त्याला ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात घाला. नवंकोरं तेजस धावपट्टीवर उभं आहे, सगळे अधिकारी सलामीत, आणि हा शिडी लावून विमानाच्या नाकावर फुंकर मारतोय. त्याशिवाय विमान उडत नाही हे त्याला सहावीपासून माहीत आहे.

रोज उशिरा येणारा? त्याला २०३९ च्या सिंहस्थाचा वाहतूक नियोजन प्रमुख करा. बैठक त्यानेच बोलावलेली आणि तोच द्वारका चौकात अडकलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसतं ‘अमुक तमुक होईल’ असं लिहून घेऊ नका, काहीतरी साचा द्या. साचा मिळाला की पोरं सुटतात. पेपरात वकिलांच्या नोटिसा येतात ना, तसली एक मी आमच्या पुतण्याच्या वर्गासाठी करून दिली होती. जशी आठवतेय तशी देतो:

*जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, दहावी ‘ब’ मधील खिडकीजवळील शेवटचे बाक हे आमचे अशिलांचे गेल्या पाच वर्षांपासून प्रत्यक्ष कब्जेवहिवाटीत असून, त्यावर त्यांनी करकटकाने स्वतःचे नाव स्वहस्ते कोरलेले आहे. सदर बाकावर अन्य कोणाचा गहाण, दान, बक्षीस, वारसा अथवा डबा ठेवण्याचा हक्क असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झालेपासून ७ दिवसांचे आत लेखी पुराव्यासह कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास सदर बाक निर्वेध व बोजारहित आहे असे समजून आमचे अशील ते घरी घेऊन जातील.*

हेडसरांनी नोटीस वाचली आणि खरंच शिपायाला बाक बघायला पाठवलं.

परमनंटच्या चिठ्ठीचं म्हणाल तर मला ती विनोद वाटलीच नाही. परमनंट झालेली माणसं माझ्याकडे सत्यनारायणाची पत्रिका छापायला येतात. लग्नाच्या पत्रिकेत स्पेलिंग चुकलं तर कोणी एवढं भांडत नाही, पण त्या पत्रिकेत कंपनीचं नाव चुकलं की सगळा गठ्ठा परत.

जागरूक पालक

बोर्ड फेब्रुवारीत आहे. मुलांची भूमितीची प्रमेयं अजून पाठ नाहीत आणि शाळेत २०३९ चाललंय. अर्ध्या तासात उरकावं आणि मुलांना घरी सोडावं. आमच्या वेळी निरोप म्हणजे हॉल तिकीट आणि एक पेढा एवढंच असायचं, आणि आमचं काही बिघडलं नाही.

बाग आणि मी

निफाड तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडचा पारा खाली गेला की तो पेपरात छापून येतो आणि आम्ही बागेत शेकोट्या पेटवत असतो, नाहीतर द्राक्षाचे मणी तडकतात. त्यामुळे या दिवसांत माझी झोप आणि विनोदबुद्धी दोन्हींचा तुटवडा आहे. तरी हा विषय बघून राहवलं नाही.

मी शाळेला एसटीने नाशिकला यायचो. निरोपाला माझ्यावर फिशपाँड पडला होता: ‘बोर्डाचा पेपर चुकला तरी चालेल, पण लाइटीचा टाइम आणि बागेचं पाणी चुकणार नाही.’ लिहिणारा माझ्याच गावचा, रोज एसटीत शेजारी बसणारा मित्र. त्याच्या घरीही तीच लाइट आणि तेच पाणी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग माईकवर असलेल्या सरांनी आपल्या पदरची भर घातली, ‘नाहीतरी याला मातीच उकरायची आहे.’ त्यावर अख्खा हॉल हसला. गावचा मित्र तेवढा हसला नाही.

म्हणून माझं म्हणणं, काय लिहिलंय याच्याइतकंच ते कोण वाचतंय हेही बघा. बाकावरून आलेली थट्टा बाकावरच परत फेकता येते. माईकवरून आलेलीला उत्तर द्यायला पोराकडे माईक नसतो. चिठ्ठी ज्याने लिहिली त्यानेच उभं राहून वाचावी, आणि ज्याच्यावर आहे त्याला लगेच एक वाक्य परत मारायची मुभा असावी.

काकांचं ‘वर चढवा’ मला आवडलं, पण सोळा आणे पटलं नाही. सगळ्यांनाच साहेब करून ठेवलं तर साहेब न होणं म्हणजे फुकट जाणं, हेच पोरं पुन्हा शिकणार. रिक्षावाला काढू नका. ठेवा त्याला, फक्त आपल्या धंद्यातला उस्ताद म्हणून ठेवा. २०३९ ची पर्वणी आहे, सगळे रस्ते बंद, गाड्या शहराबाहेर अडवलेल्या. गल्लीबोळांतून रामकुंडाच्या जवळपास नेऊन सोडणारा अख्ख्या नाशकात एकच माणूस उरलाय, आणि तो आपला वर्गमित्र. कलेक्टर झालेला दुसरा वर्गमित्र त्याच्यापुढे हात जोडून उभा आहे. हा आरशात बघून भांग पाडतो आणि म्हणतो, ‘मीटरने येणार नाही.’

यात रिक्षावाल्याला कोणी हसत नाही. हसतात कलेक्टरला, आणि त्यांना तेवढं सोसतं.

आणि एक विनंती. कोणाला शेतकरी दाखवलंत तर कृपा करून ‘बळीराजा’ करू नका. आम्ही राजे वगैरे नाही, आम्हाला रोज संध्याकाळी व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघावी लागते.

चौथं बाकडं

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे माझा दहावीचा निरोप अजून ताजा आहे. आम्ही ‘भविष्याचं हॉल तिकीट’ केलं होतं. बोर्डाच्या हॉल तिकिटासारखाच तक्ता, फोटोच्या चौकोनात काढलेलं चित्र. माझ्या मैत्रिणीचं असं होतं:

*परीक्षा केंद्र: जिथे नेटवर्क असेल तिथे. विषय पहिला: उशिरा येण्याची कारणे, लेखी ८०, तोंडी २०. विषय दुसरा: झाकण न उघडता डब्यातली भाजी ओळखणे, प्रात्यक्षिक. विषय तिसरा: ‘माझा काहीच अभ्यास झाला नाही’ असे म्हणून ९४ टक्के मिळवणे. सूचना: निकाल बेस्ट ऑफ फाइव्ह पद्धतीने लागेल. सहा मैत्रिणींपैकी ज्या पाच जणी वीस वर्षांनीही फोन उचलतील त्याच धरल्या जातील.*

शेवटच्या ओळीला आम्ही सहाही जणी एकमेकींकडे बघायला लागलो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. वर्गात चार-पाच जण असे असतात की ज्यांच्यावर कोणीच काही लिहीत नाही. ना चांगलं, ना वाईट. मी त्यांतली एक होते. फिशपाँडने रडलेल्या मुली सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण ज्यांच्या नावाची चिठ्ठीच निघत नाही त्या टाळ्या वाजवून घरी जातात. आमच्या बाईंनी म्हणून लॉटरी केली होती. आपला जिवलग आपल्याला मिळणार नाही, ज्याचं नाव निघेल त्याच्यावरच लिहायचं, आणि त्याआधी आठवडाभर मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर डबा खायचा. माझं नाव आलं एका अतिशय वात्रट मुलाकडे. तीन दिवस तो नुसता माझी भेंडीची भाजी संपवत होता. मग त्याने लिहिलं: ‘ही वर्गात तोंड उघडत नाही. पण वर्गातले सगळे पेन हिचेच आहेत. वीस वर्षांनी सातपूरला हिची पेनची फॅक्टरी असेल आणि एकही पेन विकला जाणार नाही, कारण सगळे मागून नेतील.’

खरं होतं ते. माझे सगळे पेन वर्गभर फिरायचे आणि परत येताना त्यांची टोपणं चावलेली असायची. हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

जागरूक पालक काका, प्रमेयं पाठ करायची नसतात, सिद्ध करायची असतात.

शेवटचा तास

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जागरूक पालकांनाही. तुमचा अर्धा तास मी मोठ्या मॅडमना सांगितला, त्यांना फार आवडला. भांडून दीड तास मिळवलाय.

जुन्या चिठ्ठ्या कोणतीही चर्चा न करता कपाटात टाकल्या. भाषण दिलं असतं तर पोरांनी माना डोलावल्या असत्या आणि पुन्हा तेच लिहून आणलं असतं. चौथ्या बाकड्याची लॉटरी केली, डब्यांची अट घातली. पहिल्या दिवशी वर्गात एवढा अवघडलेपणा, की कोणाच्या डब्यातली पोळी तुटल्याचा आवाज यावा. तिसऱ्या दिवसापर्यंत मुलांच्या रांगेतली दोन बाकं मुलींच्या रांगेत सरकलेली होती आणि खानदेशी ठेच्यावरून भांडण लागलं होतं. आमच्याकडे निम्म्या घरांत अहिराणी बोलतात. ती शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायची अशी पोरांची समजूत असते. ठेच्याच्या भांडणात ती आत आली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बागवाल्या दादांचा रिक्षावाला वर्गात वाचून दाखवला. ‘मीटरने येणार नाही’ला छप्पर उडालं, आणि ज्याने पहिल्यांदा रिक्षाची चिठ्ठी लिहिली होती तो उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, पप्पा डिट्टो असंच म्हणतात. भांगसुद्धा असाच पाडतात.’ वडिलांची नक्कल करायला मग तो जो पुढे आला तो तास संपेपर्यंत बसला नाही. मुंबई नाक्याला गिऱ्हाइकाशी कशी घासाघीस होते, सिटीलिंकची बस आडवी आली की पप्पा काय म्हणतात (ते त्याने अर्ध्यावर गिळलं), सगळं. समारंभात हा त्याचा स्वतंत्र कार्यक्रम ठेवतेय. वडिलांनाही बोलावलंय. दुपारी धंद्याचा टाइम असतो, पण येतो म्हणालेत.

नव्या चिठ्ठ्यांतल्या दोन इथे देते. एका मुलीला दर तासाला तहान लागते. तिच्यावर: ‘२०३९ मध्ये ही गंगापूर धरणावर अधिकारी. पाऊस धो धो, धरण भरलेलं, सगळं नाशिक श्वास रोखून बसलंय आणि ही दाराशी उभी राहून विचारते, मॅडम, पाणी सोडून येऊ?’

दुसरी माझ्यावर आहे. मी स्वतःचं नावही लॉटरीत टाकलं होतं. ‘२०३९ मध्ये मॅडम रिटायर होतील. शेवटच्या दिवशी घंटा वाजेल. मॅडम म्हणतील, फक्त दोन मिनिटं, आणि त्यापुढे चार वर्षं शिकवतील.’ मी म्हटलं, हे अन्यायकारक आहे. वर्ग म्हणाला, मॅडम, घंटा होऊन गेलीय.

आता परमनंटबद्दल. त्या मुलाला मी बाजूला घेऊन विचारलं, तुझी चिठ्ठी वाचायची का. म्हणाला, ‘वाचा ना. पण जोक नाहीये तो.’ वडील कित्येक वर्षं एकाच मशीनवर आहेत, पण ठेकेदार बदलला की कागदोपत्री पुन्हा नवीन होतात. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘पप्पा दर वेळी पहिलीत बसतात.’ परमनंट म्हणजे दिवाळीला बोनस आणि आजारी पडलं तर पगार न कापणं, एवढं त्याला व्यवस्थित माहीत आहे. मला यूट्यूबर आणि कलेक्टरवाल्या चिठ्ठ्यांत एवढी माहिती कुठे सापडली नाही.

मी ते तसंच वाचणार होते, गंभीरपणे. पण लॉटरीत त्याचं नाव ज्या मुलीला निघालं होतं तिने माझ्याहून बरी तोड काढली. आमच्या वर्गाचा मेन स्विच त्याच्या बाकामागे आहे, आणि गणिताचा तास आला की त्याची पाठ त्यावर बरोबर टेकते. पंखे बंद, दिवे बंद, पाच मिनिटं गोंधळ. हे माझ्या कानावर कधीच आलं नव्हतं, गणिताच्या सरांच्याही नाही. तिने लिहिलंय:

‘२०३९. हा अंबडला कंपनीत परमनंट. पहिल्याच दिवशी मेन स्विचला पाठ लागते आणि अख्खी लाइन बंद. साहेब धावत येतात. हा म्हणतो, चुकून लागली सर. तेवढ्यात सगळ्यांचा चहा पिऊन होतो. संध्याकाळी कामगार त्याला खांद्यावर घेऊन युनियनचा अध्यक्ष करतात. पहिली मागणी: कंत्राटी सगळे परमनंट. दुसरी मागणी: स्विच हलवू नये.’

तो इतका हसला की ठसका लागला. परतीचं वाक्य विचारलं तर म्हणाला, ‘दुसरी मागणी पहिली करा.’

गणिताच्या सरांनी स्विच हलवायचा अर्ज दिलाय.

दोन चिठ्ठ्या मी अजूनही अडवून ठेवल्यात, त्यांवर पोरांशी बोलणी चालू आहेत. काका, तुमच्याकडे एक काम आहे. स्टेजमागे फ्लेक्स पाहिजे. वर ‘२०३९: आपली बॅच गंगेवर भेटते’ आणि खाली सगळ्या पोरांच्या नावापुढे ‘भावी’. भावी काय, ते मोकळं ठेवायचं. ज्याने त्याने मार्करने स्टेजवर येऊन लिहायचं. शाळेचं बजेट तुम्हाला माहीतच आहे.

फ्लेक्सवाला काका

दहा बाय सहा घ्या, त्याहून लहान केलात तर नावं दिसणार नाहीत. नावांची यादी टाइप करून पाठवा, व्हॉट्सॲपवर हस्ताक्षराचा फोटो नको. मागच्या वेळी एका मंडळाच्या फ्लेक्सवर ‘भावी’चं ‘भाजी’ झालं होतं आणि ते तसंच चौकात लागलं. मोकळ्या जागेत चकचकीत मटेरियल चालणार नाही, मार्कर पुसला जातो, मॅट देतो. पैसे फक्त मटेरियलचे.

मोठ्या मॅडमचा फोटो टाकायचा की नाही ते त्यांना आधी विचारून घ्या. नसला तर रागावतात आणि असला तर लहान का म्हणून रागावतात. आणि माझ्या दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात बारीक येईल, त्यावर कोणी ‘भावी’ लिहू नका म्हणावं.